प्रजासत्ताक दिन आपल्या घरचा



पेण-रोह्याकडे 26 जानेवारीला झेंडा कचेरीवर चढतो, शाळेवर चढतो. मुले खाऊ घेऊन परततात आणि घरात मात्र तो दिवस इतर दिवसांसारखाच जातो. हे मला रुचत नाही. झेंड्यावरील चक्र अशोकाच्या सारनाथच्या स्तंभावरचे आहे. भगवंतांनी पहिला धम्मोपदेश केला ते हेच स्थान! मग हा सण परका कसा?

त्या दिवशी घर स्वच्छ करून सर्वांनी त्रिशरण-पंचशील ग्रहण करावे. मग शिकत्या मुलीने संविधानाची 15, 17 आणि 25 ही कलमे मोठ्याने वाचावी. सासू-सुनांनीही चूल सोडून ऐकावयास बसावे; त्यांना वगळून केलेला हा सण मी सण मानीत नाही. अस्पृश्यता नष्ट झाली ती 17व्या कलमाने, धर्माचे स्वातंत्र्य आहे ते 25व्यात. पण 15व्यात विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांचा उल्लेख आहे. देशाच्या घटनेत तलाव कशाला, असे मूल विचारील. तेव्हा आपल्याच जिल्ह्यातील महाडची हकीकत सांगा: 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब चवदार तळ्याचे पाणी प्याले, आणि तो हक्क उच्च न्यायालयात कायम होण्यास 17 मार्च 1937 उजाडला.