चेन्नई ते सॅन्टियागो

गिरगाव-परळच्या पोरांना वानखेडे कुठं आहे ते सांगावं लागत नाही. त्याच्याजवळचं चर्चगेटचं हॉकीचं मैदान मात्र पत्ता देऊनही सापडेलच असं नाही. एकेकाळी मुंबईच्या हॉकीचा केवढा दबदबा होता! 1948 साली लंडन ऑलिंपिकमध्ये ब्रिटनला 4-0 असं लोळवून आपण सुवर्णपदक आणलं, तेव्हा गोलात उभा होता मुंबईचा लिओ पिंटो.

जोकिम कार्व्हालो त्याच मुंबईचे. 1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये ते खेळले. शेवटच्या साखळी सामन्यात पश्चिम जर्मनीविरुद्ध गोल काही होईना. सामना बरोबरीत सुटला आणि गोलांच्या फरकानं उपांत्य फेरी हुकली. भारत पाचवा आला.

2007 मध्ये राष्ट्रीय संघाची धुरा प्रशिक्षक म्हणून त्यांच्याकडे आली. सप्टेंबरात चेन्नईला आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात त्यांच्या पोरांनी दक्षिण कोरियाचा 7-2 असा फडशा पाडला. कोरियाला सात गोल! पण त्याच महिन्यात धोनीचा संघ ट्वेंटी-20 विश्वचषक जिंकून आला. क्रिकेटपटूंवर सरकारांनी बक्षिसांची खैरात केली आणि हॉकीवाले बघत राहिले. तेव्हा हॉकी संघातून थेट उपोषणाची भाषा निघाली. अनेकांना ती आक्रस्ताळी वाटली, मला ती रास्तच वाटते. मागितल्याशिवाय त्यांना मिळत काय होतं?

मग मार्च 2008. चिलीतलं सॅन्टियागो. पात्रता स्पर्धेतून एकच संघ बीजिंग ऑलिंपिकला जाणार होता. समोर पुन्हा ब्रिटन, साखळीत आपल्याला हरवलेलं. अंतिम सामना नीट रंगायच्या आतच दोन गोल बसले आणि ते अखेरपर्यंत फिटले नाहीत. 1928 पासून पहिल्यांदाच भारतीय हॉकी संघ ऑलिंपिकला मुकला. बचाव ढिला पडला, ही जबाबदारी प्रशिक्षकाची होतीच. कार्व्हालोंनी ती झटकली नाही, लगेच राजीनामा दिला.

भारतीय हॉकी संघटनेचे अध्यक्ष के. पी. एस. गिल मात्र जागचे हलले नाहीत. एप्रिलमध्ये संघटनेच्या सचिवावर लाचखोरीचा आरोप झाला, भारतीय ऑलिंपिक संघटनेनं ती संघटनाच निलंबित केली आणि तेव्हा कुठं गिल यांची खुर्ची गेली.