दवाखान्यातून सुट्टी झाली, पुढे काय?



धम्मपदाच्या अट्ठकथेत आळवी नगरातील एका गरीब शेतकऱ्याची कथा आहे. हरवलेला बैल शोधून तो उशिरा, उपाशीपोटी सभेत आला. तथागतांनी आधी त्याला जेवू घालायला लावले, मगच देशना दिली. भूक हाच मोठा रोग, हे त्यांनी भिक्खूंना समजावले. ही कथा आपण सांगतो. आचरणात किती आणतो?

आपल्या देवरी तालुक्यातील म्हातारी माणसे उपचारासाठी गोंदियाला, नागपूरला भरती होतात. सरकारी दवाखान्यात भरती असेपर्यंत जेवण मिळते. सुट्टी झाली की ते बंद. मुलगा कामासाठी परगावी, सून रोवणीला. सकाळी शिजवलेला भात रात्रीपर्यंत पुरवायचा. गोळ्या वेळेवर, पण पोट रिकामे! मग अशक्तपणा वाढतो, तोल जातो आणि माणूस पुन्हा दवाखान्याच्या खाटेवर.

आजारातून उठणाऱ्या वृद्धाला वजनाच्या दर किलोमागे रोज सुमारे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने लागतात, असे आहारतज्ज्ञ सांगतात. म्हणजे ४० किलो वजनाच्या आजीला ४८ ते ६० ग्रॅम. नुसत्या भाताने ते भागत नाही. घट्ट वरण, अंडी, दूध, मासोळी हवी. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्र डॉक्टरांना विचारूनच.

अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरात १९५४ साली घरबसल्या वृद्धांना डबे पोहोचविण्याचे काम सुरू झाले. आपल्यालाही ते अशक्य नाही. आम्ही सुचवितो की प्रत्येक वस्तीत १४ घरांनी एकेक दिवस वाटून घ्यावा. आपल्या घरी शिजते त्यातलाच डबा, पण ताजा, मऊ, तिखट कमी. मीठ-साखरेचे पथ्य सुट्टीच्या कागदावरून पाहावे. विद्यार्थ्यांनी डबा पोहोचवावा आणि जेवण होईपर्यंत जवळ बसावे. एकट्याला घास गोड लागत नाही.

डबा घेणारा गोंड की हलबा, आपला की परका, हे विचारू नये. उपकाराची भाषा तर नकोच. ताठ मानेने जगलेल्या माणसाला भीक नको असते, शेजार हवा असतो.

१४ एप्रिलला, बुद्धपौर्णिमेला आपण भोजनदान करतो. ते अवश्य करावे. पण पंगतीपर्यंत जो चालत येऊ शकत नाही, त्याच्या खाटेपर्यंत आपण चालत जाऊ या.

जयभीम! नमो बुद्धाय!