शेजारी बसलेलं मोठं माणूस

मुंबई-गोवा रस्त्यावर वडखळ मागं पडलं की थोड्याच वेळात गडब येतं. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला खारपट्टीची शेतं आणि त्यापलीकडे खाडी. जवळच डोलवीचा पोलाद कारखाना. संध्याकाळी नाक्यावर पंधरा-सोळा-सतरा वर्षांची मुलं उभी असतात. जाणारं-येणारं मोठं माणूस त्यांना एकच प्रश्न विचारतं, "काय रं, कवरं मार्क परलं?" मुलगा आकडा सांगतो आणि बोलणं संपतं.

या भागातल्या शाळांतून मी तीस वर्षं शिकवलं, आणि मीही हेच विचारत आलो. दहावीत दोन विषयांत राहिलेला एक मुलगा एकदा माझ्यापुढे बसला होता. मी अर्धा तास बोललो. मेहनतीचं महत्त्व सांगितलं, वडिलांच्या कष्टांची आठवण करून दिली. तो मान खाली घालून "हो सर, हो सर" म्हणत राहिला. पुढे बऱ्याच वर्षांनी एका हळदीच्या मांडवात तो भेटला. चांगला संसाराला लागलेला. म्हणाला, "सर, त्या वर्षी बाबांवर कर्ज होतं. मी रात्री टेम्पोवर जायचो. तुम्ही विचारलं असतंत तर सांगितलं असतं."

त्या अर्ध्या तासात मी त्याला एकही प्रश्न विचारला नव्हता. आज तुमच्याशी बोलायला बसलो आहे तो या एका गोष्टीसाठी.

आमच्या आजोबांच्या पिढीला मुलांशी बोलायची वेगळी वेळ काढावी लागली नाही. उधाणाच्या भरतीत बाहेरकाठ्याला खांड गेली, म्हणजे खाडीकडचा बांध फुटला, की घराघरातून माणसं बांधावर धावत. चौदा वर्षांचा पोरगा बापामागे असेच. चिखलाचे गोळे हातोहात जायचे. खांड बुजली की सगळे तिथेच बसून भाकरी खात, आणि मोठी माणसं आपसात बोलत. कुणाचं देणं थकलंय, कुणाच्या मुलीचं जमतंय, कोर्टात तारीख कधी आहे. पोरगा ऐकत असे. मोठेपणी काय काय सोसावं लागतं आणि ते कसं सोसतात, हे त्याच्या कानावर आपोआप पडे. त्या काळाचं मला फार कौतुक करायचं नाही. त्याच पोराची शाळा सुटलेली असे, आणि त्याची बहीण वयाच्या मानाने फार लवकर दुसऱ्याच्या चुलीपुढे गेलेली असे. पण त्याच्या शेजारी मोठं माणूस होतं, एवढं खरं.

१९४८ मध्ये खारजमिनींचा कायदा आला आणि बांधबंदिस्तीत सरकार उतरलं. बांधावरचं ते एकत्र काम सुटलं. कितीतरी मिठागरंही बंद पडली. आता बाप शिफ्टला जातो, मुलगा क्लासला. रात्री दोघं एका घरात असतात, पण दोघांनी मिळून करायचं असं काम उरलेलं नाही. मग बोलणार कशावर? मार्कांवर आणि मोबाइलवर.

आपल्याच पेण तालुक्यात हमरापूर, जोहे या गावांतल्या गणपतींच्या कारखान्यांत मात्र जुनी रीत अजून दिसते. नवा मुलगा आधी माती मळतो, मग साच्यातून मूर्ती काढायला शिकतो, मग घासकाम, मग रंग. डोळ्यांची आखणी त्याच्या हाती लवकर देत नाहीत. तोवर तो जाणत्या कारागिराच्या बाजूला बसून त्याचा हात कसा फिरतो ते बघत राहतो. याला हल्ली मेंटॉरिंग म्हणतात. आगरी घरात थोरल्या भावाला 'दादूस' हा शब्द आहे. मला तोच जवळचा वाटतो. दादूस बापाइतका दूर नसतो आणि मित्राइतका कच्चाही नसतो.

गागोदेही आपल्याच तालुक्यातलं. ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा तिथे जन्मले. घरचा फणस कापला की आई रुक्मिणीबाई आधी त्यातले वाटे लहानग्या विन्याच्या हाती देऊन शेजाऱ्यांकडे धाडत, मग त्याला खायला मिळे. पुढे बडोद्याला, मुलगा कॉलेजात असताना, त्यांनी त्याच्याकडे मराठी गीता मागितली, कारण संस्कृत कळत नव्हतं. त्याने आणून दिलेलं पुस्तकही अवघड निघालं, तेव्हा त्या त्यालाच म्हणाल्या की मग तूच का लिहीत नाहीस. मला या बाईंचं फार मोठेपण वाटतं. आपल्याला कळत नाही हे त्या मुलापुढे मोकळेपणाने बोलल्या, आणि मग एवढं मोठं काम विश्वासाने त्याच्यावर टाकलं. आपण आईबाप मुलांना 'मला हे येत नाही, तू बघतोस का?' असं वर्षातून किती वेळा म्हणतो?

म्हणायला निमित्तं पुष्कळ आहेत. घरचा सातबारा काढा. मुलाला आणि मुलीलाही बाजूला बसवा. गाव नमुना सातमध्ये जमीन कुणाच्या नावावर आहे ते दिसतं, बारामध्ये पीक काय घेतलं ते. त्यांनाच मोठ्याने वाचू द्या. ते विचारतील की पणजोबांचं नाव इथं कसं लागलं. मग कुळकायदा येईल, चरी गावच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून सहा वर्षं चालवलेला संप येईल, आणि आपल्या घरातलं भाऊबंदकीचं जे प्रकरण मुलांपासून लपवून ठेवलंय तेही येईल. येऊ द्या. मुलांना बँकेत न्या. दहा वर्षांवरच्या मुलाला बँकेच्या मर्यादेत स्वतःच्या सहीने बचत खातं चालवता येतं, हे अजून कितीतरी घरांत ठाऊक नाही.

मुलीचं जरा वेगळं. तिला आईपाशी सगळंच बोलता येतं असं नाही. पाळी, कुणी मागे लागणं, अठराच्या आधीच सुरू झालेली लग्नाची कुजबुज. तिला एक मावशी, आत्या, वहिनी, शाळेतल्या बाई, कुणीतरी अशी हवी की जी ऐकून घेईल आणि लगेच घरी जाऊन सांगणार नाही. मात्र जिवाला धोका असेल तर गप्प राहायचं नाही, आणि हे तिला आधीच सांगून ठेवायचं. किशोरवयीनांसाठी सरकारी दवाखान्यांत मैत्री क्लिनिक असतं. मुलं संकटात असली तर १०९८, आणि मन फारच खचलं तर १४४१६, हे दोन्ही क्रमांक फुकट आहेत. घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

आणखी एक. समोरासमोर बसवून 'बोल आता' म्हटलं की या वयाचं मूल मिटतं. हात कामात असले, नजर दुसरीकडे असली की ते हळूहळू उलगडतं. म्हणून मला आपल्या पोपटीचा मोठा भरवसा वाटतो. थंडीत वालाच्या शेंगा येतील. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, वर ओवा-मीठ लावलेल्या शेंगा, तोंडाशी पुन्हा पाला, आणि मडकं उपडं घालून भोवती पेटवण. तेल नाही, पाणी नाही. मग अर्धा तास सगळ्यांनी जाळाकडे बघत बसायचं. या अर्ध्या तासात उपदेश नको. तुमच्या सोळाव्या वर्षी तुम्ही कशाला घाबरत होतात, ते सांगा. मूल काही बोललं तर 'मग पुढे?' एवढंच विचारा. नाही बोललं तरी तुम्ही तिथंच बसा.

आणि पोपटी झाली की नाही, हे या वर्षी त्याला ठरवू द्या. ते मडक्यावर पाण्याचा शिपका मारेल, चर्र वाजतंय का ते ऐकेल, आणि म्हणेल, "झाली." शेंगा जरा कच्च्या निघाल्या तरी खा.