वनौषधी आणि कर्करोग
(मिरकरवाडा येथील वार्षिक संमेलनातील भाषण)



आपल्या सह्याद्रीत नरक्या नावाचा वृक्ष आहे. नाव अप्रिय, परंतु त्यात कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगविरोधी द्रव्य आढळते. १९६६ साली ते एका चिनी वृक्षातून अमेरिकेत प्रथम वेगळे करण्यात आले. त्या शोधकांपैकी डॉ. मनसुख वाणी हे मूळचे नंदुरबारचे, ही आपणांस अभिमानाची गोष्ट होय.

खारघरच्या अॅक्ट्रेक संस्थेत काचपात्रांत वाढविलेल्या कर्कपेशींवर असे अर्क घालतात आणि किती पेशी उरल्या हे रंगद्रव्याच्या साहाय्याने मोजतात. परंतु पात्रातील पेशी मेल्या म्हणजे औषध सिद्ध झाले, असे नव्हे. तीव्र मिठाच्या पाण्यानेही त्या मरतील! निरोगी पेशी वाचतात काय, मात्रा किती सोसते, हे आधी प्राण्यांवर व मग माणसांवर पारखावे लागते. कॅम्प्टोथेसिन मुळात विषारी. त्यात फेरफार करून केलेली औषधे अमेरिकेत मान्य होण्यास १९९६ साल उजाडले. तीस वर्षे लागली!

म्हणून विनंती एवढीच : घरगुती काढ्यावर विसंबून उपचार लांबवू नका. तंबाखू सोडा. तोंडातील व्रण तीन आठवड्यांत भरला नाही, तर विनाविलंब डॉक्टरांस दाखवा.