ब्याण्णवावा



गेली तीस वर्षे मी कामगार संघटनेचे काम करतो आहे. माझी बोलण्याची सवय कारखान्याच्या फाटकाबाहेरची. तिथे ऐकणाऱ्याच्या हातात डबा असतो आणि एक डोळा घड्याळावर असतो. या व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी मला प्रेमाने अट घातली, की बोनस आणि संप सोडून बोला. शाळा माझी सातवीत सुटली; पुढचे शिक्षण झाले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. त्याच बाकावर मला फिलिप बोइट नावाचा माणूस भेटला. भर वैशाखात बर्फाची गोष्ट ऐकायला आपली हरकत नसावी.

बोइट केनियाचा, एल्डोरेट भागातला. तो मध्यम पल्ल्याचा धावपटू. त्याच्या नात्यातल्या माइक बोइटने १९७२ साली म्युनिक ऑलिंपिकमध्ये ८०० मीटर धावण्याचे कांस्यपदक मिळवले होते, म्हणजे घराण्यात पळणे होतेच. पण केनियात उत्तम धावपटू इतके, की चांगल्या धावपटूलाही रांगेत उभे राहावे लागते. अशा वेळी नाइकी या अमेरिकन कंपनीच्या डोक्यात एक कल्पना आली. केनियाच्या धावपटूंना बर्फावर स्की चालवायला शिकवले तर? १९९६ च्या फेब्रुवारीत बोइट आणि हेन्री बिटोक या दोघांना फिनलंडला नेण्यात आले. बोइट चोवीस वर्षांचा होता. हिम त्याने तोवर पाहिलेही नव्हते.

आमच्या कचेरीतला एक तरुण सहकारी हे ऐकून म्हणाला, ‘‘अण्णा, ही तर मालकाची जाहिरात. तुम्ही तिचे पोवाडे कशाला गाता?’’ प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर मी पुढे देतो. आधी त्या माणसाच्या वाट्याला काय काम आले ते पाहू.

क्रॉस-कंट्री स्कीइंग म्हणजे डोंगरावरून नुसते घसरणे नव्हे. रानातून चढउताराची वाट स्वतःच्या बळावर कापायची असते. पायांना माणसाहून लांब आणि तीन बोटे रुंद अशा पट्ट्या, हातांत दोन काठ्या. बूट फक्त चवड्यापाशी अडकवलेला, टाच मोकळी. पट्टीचा मधला भाग कमानीसारखा किंचित उचललेला असतो. जुन्या, म्हणजे क्लासिकल पद्धतीत त्या मधल्या भागाला चिकट मेण लावतात आणि दोन्ही टोकांना गुळगुळीत. एका पायावर सारा भार टाकला, की कमान दबते, मेण बर्फाला धरते आणि पुढे रेटा मिळतो. भार हलका झाला, की कमान उचलते आणि पट्टी घसरत जाते. यंत्राशी ज्याचा संबंध आला आहे त्याला यातली खुबी लगेच कळेल.

आता गंमत अशी, की बर्फाची जात बदलली की मेण बदलावे लागते. शून्य अंशाच्या आसपासचे ओले बर्फ सर्वांत खट्याळ. म्हणून मोठ्या देशांच्या पथकांबरोबर मेण लावणारे कारागीर असतात. स्पर्धक तयार होण्याआधी ते बर्फावर पट्ट्या घासून पाहत असतात. त्यांची नावे निकालपत्रकात येत नाहीत. माझ्यासारख्याची नजर तिकडे गेल्यावाचून कशी राहील?

बोइटची छाती धावपटूची होती, दम होता. पण पाय घसरू न देण्याची ज्याला जन्मभर सवय, त्याला तो घसरू द्यायला शिकायचे होते. शिवाय हात आणि खांदे कामाला लावायचे. घरी परतला की बर्फ कुठले? एल्डोरेटच्या रस्त्यांवर चाके लावलेल्या पट्ट्यांवर सराव चाले.

दोन वर्षांनी, १२ फेब्रुवारी १९९८ रोजी, जपानात नागानो ऑलिंपिकची १० किलोमीटरची क्लासिकल शर्यत हाकुबा येथे झाली. नॉर्वेचा ब्यॉर्न डॅली २७ मिनिटे २४.५ सेकंदांत पहिला आला. हिवाळी ऑलिंपिकमधले त्याचे ते सहावे सुवर्णपदक. तोवर कोणा पुरुषाने तितकी मिळवली नव्हती. बोइटला ४७ मिनिटे २५.५ सेकंद लागली. शर्यत पूर्ण करणाऱ्यांत तो ब्याण्णवावा, म्हणजे शेवटचा.

डॅली मात्र गेला नव्हता. पदके द्यायची खोळंबली होती आणि तो सीमारेषेपाशी उभा होता. बोइट आला तसा त्याने त्याला मिठी मारली. मोर्चे काढणाऱ्यांना एक गोष्ट ठाऊक असते: पुढच्या रांगेने थांबून मागच्यांना येऊ दिले नाही, तर मोर्चा मधेच तुटतो. ते छायाचित्र पाहिले तेव्हा मला पहिली आठवण त्याची झाली. बोइटने पुढे आपल्या मुलाचे नावच डॅली ठेवले.

आता सहकाऱ्याच्या प्रश्नाकडे येतो. जाहिरात होती, यात शंका नाही. कंपनीला जे हवे होते ते नागानोत मिळाले, आणि पुढे तिने हात काढून घेतला. मालकाची हौस फिटली की हंगामी माणूस घरी बसतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. पण बोइट घरी बसला नाही. २००२ साली सॉल्ट लेक सिटीला आणि २००६ साली तोरिनोला तो पुन्हा उभा राहिला. ज्याला जाहिरातीपुरते आणले, त्याने ते काम आपले करून घेतले. मला आदर वाटतो तो या दोन खेपांचा. मिठीचे कौतुक पुष्कळांनी केले आहे.

आणखी एक शर्यत सांगतो. १४ फेब्रुवारी २०१४, रशियात सोची, १५ किलोमीटर. पेरूचा रोबेर्तो कार्सेलेन बरगडीचे हाड मोडलेले असताना उतरला आणि ८७ जणांत शेवटचा आला. जिंकलेला स्विस खेळाडू दारिओ कोलोन्या त्याच्याशी हात मिळवायला थांबला होता. त्याच निकालपत्रकात ८५ वे नाव आपल्या नदीम इक्बालचे आहे. जम्मू-काश्मीरचा, सैन्यातला जवान. भारतीय ऑलिंपिक संघटना तेव्हा निलंबित होती, म्हणून ७ फेब्रुवारीच्या उद्घाटनात आपले तिघे खेळाडू तिरंग्याविना, ऑलिंपिकच्या ध्वजामागून चालले. निलंबन उठले ११ तारखेला. नदीमची शर्यत चौदाला होती, म्हणून त्याच्या नावापुढे देश लागला. आणखी चार दिवस आधी असती, तर तोही लागला नसता.