गुप्तधनाचा छंद

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



आजच्या भाषणाचा विषय ‘गुप्तधन’ आहे हे ऐकून तुमच्यापैकी पुष्कळजणींना हसू आले असेल. कुणाला आजोळच्या वाड्यातला मोहरांचा हंडा आठवला असेल, कुणाला त्या हंड्यावर वेटोळे घालून बसलेला नागोबा! पण जमिनीत पुरलेली नाणी शोधण्याचा छंद जगात हजारो लोकांना आहे. तो चांगल्या वाटेने गेला तर इतिहास हाती लागतो आणि वाईट वाटेने गेला तर माणसांचे जीव जातात. दोन्ही वाटा आपल्या महाराष्ट्राने पाहिल्या आहेत, म्हणूनच हा विषय मी आपल्यापुढे मांडीत आहे.

प्रथम हे ध्यानात घेऊ की, आपल्या पूर्वजांनी पैसा पुरला तो हौसेने नव्हे. तेव्हा बँका नव्हत्या. पोस्टाची बचत बँकसुद्धा आपल्या देशात १८८२ साली सुरू झाली. त्याआधी चोराचिलटांचे भय होते, आणि त्याहून मोठे भय पेंढाऱ्यांचे. नोव्हेंबर १८११ मध्ये पेंढारी थेट नागपुरापर्यंत आले आणि शहराची एक वस्ती त्यांनी जाळली. भोवतालच्या जळत्या खेड्यांचा उजेड म्हणे शहराच्या तटावरून दिसत होता. अशा रात्री घरच्या बाईने काय केले असेल? अंगावरचे उतरवले, डब्यातले काढले, मडक्यात घातले आणि चुलीखाली किंवा गोठ्यात पुरले. पुरणारी वाचली तर तिने ते परत काढले. नाही वाचली तर ते तिथेच राहिले. म्हणून सापडलेल्या प्रत्येक हंड्यामागे परत न आलेले एक माणूस असते, हे विसरू नये.

असे हंडे सापडले तेव्हा काय लाभले, ते आता पाहू. नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ साली चांदीची तेरा हजारांहून अधिक नाणी निघाली. ती नहपान या क्षत्रप राजाची होती. पण त्यांतील नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला होता. जिंकलेल्या राजाने हरलेल्याचा पैसा आपल्या नावाने चालू केला, ही सातवाहनांच्या विजयाची केवढी पक्की साक्ष! ती कोणा भाटाने दिलेली नाही, एका मडक्याने दिली.

आपल्या विदर्भातले उदाहरण तर अधिकच गोड आहे. १९३९ साली त्या वेळच्या अकोला जिल्ह्यात, मंगरूळपीरजवळच्या तऱ्हाळा गावी सातवाहनांच्या नाण्यांचा मोठा साठा मिळाला. सोने नाही, चांदी नाही. तांबे, शिसे, कथील अशा मिश्र धातूची ती काळपट नाणी. सराफाने ती मोडीत काढली असती. पण ती महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांच्या नजरेखाली गेली. कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी अशी, पुराणांतील राजांच्या याद्यांत नसलेली नावे त्यांनी त्यांवर वाचली. दोन हजार वर्षांच्या सुमाराचे विसरलेले राजे वऱ्हाडच्या मातीतून बाहेर आले! त्या नाण्यांची बाजारात किंमत काय आली असती? आणि खरी किंमत काय ठरली?

हा छंद सभ्यपणे कसा करावा, याचा एक विलायती दाखला सांगते. १९९२ च्या नोव्हेंबरात इंग्लंडमधील हॉक्स्ने गावी एक निवृत्त गृहस्थ धातू शोधण्याचे यंत्र घेऊन शेतात फिरत होते. मित्राची हरवलेली हातोडी शोधायची होती, एवढेच. हातोडीच्या आधी लागला रोमन काळातील सोन्याचांदीचा साठा! गृहस्थांनी थोडे काढले, पण सगळे उपसले नाही. त्यांनी अधिकाऱ्यांना कळवले आणि तज्ज्ञांनी दुसऱ्या दिवशी पद्धतशीर खणले. चौदा हजार आठशे पासष्ट नाणी निघाली. पेटीत काय कसे रचून ठेवले होते, हेही समजले. त्या गृहस्थांना साडेसतरा लाख पौंडांचे बक्षीस मिळाले आणि त्यांनी ते शेतकरी मित्राबरोबर वाटून घेतले. ती हातोडीही सापडली. आज ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

आपल्याकडेही कायदा आहे, आणि तो १८७८ पासूनचा आहे. जमिनीत दडवलेला दहा रुपयांपेक्षा अधिक किमतीचा ठेवा कोणाला सापडला तर त्याने कलेक्टरला लेखी कळवलेच पाहिजे. कलेक्टर जाहीर नोटीस देऊन हक्कदारांना बोलावतो. मालक कोणी ठरला नाही आणि आपसांत दुसरा काही करार नसेल, तर तीन हिस्से शोधणाऱ्याला आणि एक हिस्सा जागेच्या मालकाला मिळतो. सरकारने ठेवा स्वतःकडे घ्यायचे ठरवले तर धातूच्या किमतीवर आणखी एक पंचमांश रक्कम देण्याची तरतूद आहे. लपवणाऱ्याचा मात्र हिस्साही जातो आणि वर कैद किंवा दंड होतो. तेव्हा जुने घर पाडताना भिंतीत मडके लागले तर गुपचूप सोनाराकडे धावू नये. चिंच लावून नाणी घासूनही काढू नयेत; घासली की अक्षरे जातात, आणि अक्षरे गेली की उरतो नुसता धातूचा तुकडा.

आता दुसरी, काळी वाट. डोळ्यांत अंजन घातले की जमिनीतले धन दिसते, पायाळू माणसाला ते कळते, बळी दिला की राखणदार हटतो, असल्या समजुती आपण लहानपणी गोष्टींत ऐकल्या. पण मराठवाड्यातल्या मानवत गावी १९७२ ते १९७४ या काळात लहान मुली आणि बायका यांचे एकामागून एक खून झाले. वाड्यातले गुप्तधन मिळावे आणि मूल व्हावे, असे त्यामागचे हेतू खटल्यात पुढे आले. भगिनींनो, त्या मुली कोणाच्या तरी अंगणात खेळणाऱ्या पोरी होत्या. नरबळी व जादूटोणा यांविरुद्धचा कायदा डिसेंबर २०१३ मध्ये आपल्याच नागपुरातल्या हिवाळी अधिवेशनात संमत झाला. गुप्तधनाच्या शोधासाठी केलेली अघोरी कृत्येही त्यात गुन्हा ठरली आहेत. पण कायदा दाराशी उभा राहतो. मांत्रिकाला घरात घ्यायचे की नाही, हे घरातल्या बाईनेच ठरवायचे असते. कोणी ‘तुमच्या परसात धन आहे’ म्हणत आला, तर त्याला एवढेच विचारा, ‘बाबा, मग तुला दक्षिणा कशाला हवी?’

शेवटी आपल्या स्वतःच्या गुप्तधनाविषयी. हसू नका! तुरीच्या डाळीचा डबा, साड्यांची घडी, देव्हाऱ्यामागचा कोनाडा ही आपली पुरण्याची ठिकाणे. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजाराच्या नोटा रद्द झाल्या आणि घरोघरच्या बायकांना वर्षानुवर्षांची शिल्लक नवऱ्यापुढे मांडावी लागली. कोणाच्या घरी थट्टा झाली, कोणाच्या घरी भांडण झाले. मला त्यात थट्टेचे काही दिसत नाही. स्वतःच्या हातात चार पैसे असावेत ही इच्छा लपवावी लागते, हेच दुःख आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने हिंदू स्त्रीला तिच्या मालमत्तेची पूर्ण मालकीण केले. मग आपली शिल्लक आपल्या नावाच्या खात्यात का नसावी? तिला वारस का नेमलेला नसावा? आजारपणात अचानक डोळे मिटले तर डब्यातले पैसे डब्यासकट मोडीत जातात. पेंढाऱ्यांच्या भयाने पुरणाऱ्या त्या बाईला सांगून ठेवायला सवड मिळाली नाही, आपल्याला आहे.

तेव्हा माझी विनंती दोन गोष्टींची. एक, येत्या सुटीत मुलांना घेऊन अजब बंगल्यात जा. १८६३ पासून ते संग्रहालय आपल्या शहरात आहे. तिथली नाणी मुलांना दाखवा आणि घरातली जुनी ढब्बू, अधेली, चवली त्यांच्या हाती देऊन छंद लावा. दुसरी, आज घरी गेल्यावर आपल्या मुलीला किंवा सुनेला जवळ बसवून आपली चीजवस्तू कुठे आहे ते सांगा.