मौद्याहून अमेरिका किती तास?

मौदा, कामठी, भंडारा या भागांतली कितीतरी मुलं आज अमेरिकेत नोकरीला आहेत. त्यांच्याकडे जायला निघालेले आईवडील आम्हाला हमखास विचारतात, "सॅन फ्रान्सिस्को किती किलोमीटर, आणि विमानाला किती तास?" किलोमीटर कळले की तास कळले, असं मात्र समजू नका.

दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को हवाई अंतर सुमारे १२,४०० किलोमीटर आहे. पृथ्वीच्या गोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरा, तो उत्तर ध्रुवाच्या जवळून जाईल. पण विमान नेहमी त्या दोऱ्यावरून जातंच असं नाही. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. २०१६ साली एअर इंडियानं दिल्लीहून अटलांटिकवरून जाणं सोडून पॅसिफिकचा मार्ग धरला. अंतर १३,९०० वरून १५,३०० किलोमीटर झालं, आणि तरीही वारा पाठीशी असल्यानं वेळ घटून साडेचौदा तासांवर आला! म्हणून तास बघायचे ते तिकिटावर, नकाशावर नाही.

तिकीट वाचतानाही जपा. त्यावरची प्रत्येक वेळ त्या-त्या गावची असते. समजा, जूनमध्ये दिल्लीहून पहाटे ३ ला निघालात आणि त्याच तारखेला सकाळी ६ ला पोचलात. प्रवास तीन तासांचा नाही. तिथलं घड्याळ उन्हाळ्यात आपल्यामागे साडेबारा तास असतं, म्हणजे विमानात तुम्ही साडेपंधरा तास होतात. हिवाळ्यात हाच फरक साडेतेरा तासांचा होतो.

दुसरी गोष्ट मी पुन्हा पुन्हा सांगतो. १५ तारखेचं रात्री साडेबाराचं विमान म्हणजे १४ तारखेच्या संध्याकाळीच विमानतळावर हजर. १५ च्या रात्री बॅगा घेऊन गेलात, तर विमान आदल्या रात्रीच गेलेलं असतं.

मौद्यापासूनचा हिशोबही यातच धरा. भंडारा रोडनं पारडीपर्यंत, मग नागपूर शहर ओलांडून सोनेगावचा विमानतळ, तिथून दिल्ली, दिल्लीत इमिग्रेशन आणि वाट बघणं. घराच्या दारातून मुलाच्या दारापर्यंत सव्वा दिवस सहज लागतो. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीला धुकं असतं, तेव्हा मधे पाच-सहा तास तरी हाताशी ठेवा. आदल्या दिवशी दिल्ली गाठलीत तर फारच उत्तम. आणि शक्यतो नागपूर ते अमेरिका एकच तिकीट काढा. वेगवेगळी तिकिटं असली आणि पहिलं विमान उशिरा पोचलं, तर पुढचं तिकीट बहुतेक वेळा वाया जातं.

घड्याळ असं बदलत असल्यानं इन्सुलिन घेणाऱ्यांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून डोसच्या वेळा लिहून घ्याव्यात. ते इन्सुलिन आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीतच ठेवा, मोठ्या बॅगेत नको.